लॅपटॉपचा पन्हा कोण विचारतो?

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी पन्हा विचारते. छत्तीसचा, चव्वेचाळीसचा की अठ्ठावन्नचा? पन्हा कळल्याशिवाय मीटरचा भाव ऐकून काही उपयोग नसतो, कारण छत्तीस पन्ह्यात एका शर्टाला लागणारे कापड वेगळे आणि अठ्ठावन्न पन्ह्यात वेगळे. उर्दू शाळेत शिकलेली आम्ही मंडळी पन्ह्याला 'अर्ज' म्हणतो. मराठीत अर्ज म्हणजे कचेरीत द्यायचा कागद. शब्द एकच, आणि उर्दूत दोन्ही अर्थ आजही चालतात. यामुळे लहानपणी शाळेत आणि बाजारात आमचे बरेच गोंधळ झाले, पण तो विषय निराळा.

हाच पन्ह्याचा पक्का व्यापारी लॅपटॉप घ्यायला लॅमिंग्टन रोडला जातो तेव्हा काय विचारतो? "किती इंची?" दुकानदार सांगतो, "पंधरा पॉइंट सहा." व्यापारी समाधानाने मान हलवतो आणि पुढे रॅम किती, वॉरंटी किती वर्षांची, बॅग फुकट मिळेल का, या गोष्टींवर येतो. पडद्याची रुंदी किती आणि उंची किती, हे कोणी विचारत नाही. ज्या वस्तूकडे मेहताजी रोज आठ तास टक लावून बसणार, तिचा पन्हा न विचारता सौदा होतो.

हा विषय आत्ता काढण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. आपल्या पेढ्यांवर, गोदामांत आणि कारखान्यांच्या ऑफिसांत जे जुने लॅपटॉप आहेत, त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. त्यामुळे या ना त्या निमित्ताने नवीन यंत्र घेणे अनेकांना भाग पडते आहे. एकदा घेतलेला लॅपटॉप आपला व्यापारी पाच-सात वर्षे सोडत नाही, बिजागरी तुटली तरी दोरा बांधून चालवतो. पुष्कळ यंत्रांत रॅम पुढे वाढवता येते, डिस्क बदलता येते. पडद्याचा आकार मात्र पहिल्या दिवशी जो घेतला तोच शेवटपर्यंत राहतो.

प्रथम मापाची गोष्ट. पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. कापड तिरके मोजून विकायला कोणी बसला तर बाजारात आठवडाभरही टिकणार नाही. पण या धंद्यात सगळ्या जगाने हे माप मान्य केले आहे. आता याचा परिणाम पाहा. चौदा इंचाचा पडदा जुन्या ४:३ आकाराचा असेल, तर तो ११.२ इंच रुंद आणि ८.४ इंच उंच भरतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९४ चौरस इंच. तेच चौदा इंच १६:९ या लांबट आकारात घेतले तर रुंदी १२.२ होते आणि उंची केवळ ६.८६ इंच उरते. क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस इंच. नाव चौदाचेच, पण माल अकरा टक्के कमी. पंधरा इंचाचा जुना ४:३ पडदा बारा बाय नऊचा होता, म्हणजे १०८ चौरस इंच. त्याच्यानंतर आलेला '१५.६' हा आकडा ऐकायला मोठा, पण १६:९ मध्ये तो १०४ चौरस इंच भरतो. आकडा वाढला आणि कापड घटले. आपल्याकडे याला काय म्हणतात ते लिहायची गरज नाही.

हे आकार आले कोठून, तेही जाणून घेण्यासारखे आहे. पुष्कळांची समजूत अशी की, चौकोनी जुना पडदा हा ऑफिसच्या कामासाठी बनला आणि लांबट पडदा सिनेमासाठी. वास्तविक दोन्हीही सिनेमा-टीव्हीच्याच घरचे आहेत. १८९० च्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राची जी चौकट धरली, ती साधारण ४:३ ची होती. टीव्हीने ती उचलली आणि टीव्हीच्या काचेवरून ती संगणकाकडे आली. ६४० बाय ४८०, ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ हे सगळे आकडे ४:३ चेच. १६:९ चा जन्म पुढे १९८० च्या दशकात नव्या टीव्हीच्या तयारीत झाला. जुना टीव्ही आणि रुंद सिनेमा या दोहोंना सोयीची पडेल अशी मधली चौकट म्हणून तो ठरला. यातल्या कोणत्याही आकाराचा विचार करताना कोणाच्या डोळ्यांपुढे खातेवही नव्हती. योगायोगाने पहिला आकार वहीला बरा जुळला आणि दुसरा जुळला नाही, एवढाच फरक.

लॅपटॉपमध्ये बदल दोन टप्प्यांत झाला. २००५ च्या आगेमागे १६:१० चे पडदे येऊ लागले आणि २००९-१० पर्यंत १६:९ ने बाजार व्यापला. काच बनवणारे कारखाने एका मोठ्या काचेतून अनेक पडदे कापतात. कटिंग मास्तर लांबरुंद थरावर नमुने मांडून कापड वाया जाऊ देत नाही, तसाच तो हिशोब असतो. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच आकाराचे झाले की कारखान्याचे काम सोपे होते, शिवाय त्याच तिरक्या मापात काच कमी लागते. कारखानदाराने आपला फायदा पाहिला यात गैर काही नाही, आपणही पाहतोच. तक्रार असेल तर ती ही की, गिऱ्हाइकाला ते 'सिनेमा पाहायला मजा' या नावाने विकले गेले आणि गिऱ्हाईक होते हिशोब लिहिणारे.

किती नुकसान झाले, ते एका उदाहरणावरून कळेल. थिंकपॅड हा ऑफिसच्या लॅपटॉपमधला जुना आणि नावाजलेला माल. त्याचे टी-६० हे मॉडेल २००६ चे. चौदा इंची ४:३ पडद्यावर त्यात १४०० बाय १०५० ठिपके मिळत असत. पुढच्याच टी-६१ च्या रुंद पडद्यात १४४० बाय ९०० आले. रुंदीत चाळीस ठिपक्यांची कमाई आणि उंचीत दीडशेचा तोटा. पुढे सगळीकडे जे स्वस्त १३६६ बाय ७६८ चे पडदे पसरले, त्यांची उंची १९९० च्या दशकातल्या १०२४ बाय ७६८ एवढीच होती. यंत्र दहापट वेगवान झाले आणि डोळ्यासमोरच्या ओळी जिथल्या तिथे राहिल्या.

आता आपल्या कामाकडे येऊ. आमच्या पेढीवर रोजमेळ, खतावणी, चालान, दलालीचा हिशोब, कोणत्या पार्टीकडे किती दिवसांचे येणे राहिले त्याची यादी, ही सगळी कामे उभी आहेत. जुनी लाल कापडाची चोपडी आठवा. ती लांब असते, वरून शिवलेली असते आणि उघडली की वरच्या टोकापासून मांडीपर्यंत एका नजरेत महिन्याची उलाढाल दिसते. वहीचा धर्मच उभा आहे. तिला आडव्या खिडकीतून पाहायचे म्हणजे दाराच्या फटीतून वरात पाहण्यासारखे.

त्यातून १ जुलै २०१७ पासून कापडावर पाच टक्के जीएसटी आला. ज्या धंद्यात कापडावर कर म्हणून फारसा काही भरावा लागत नव्हता, त्या धंद्याला ओळीन् ओळ जुळवण्याची शिस्त लागली. १ जानेवारी २०२२ पासून तर पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखवलेले बिलच क्रेडिटला चालते. त्यामुळे दर महिन्याला पोर्टलवरची २-बी ची यादी आणि आपले खरेदी खाते समोरासमोर ठेवून जुळवावे लागते. तीनशे बिले असतील तर तीनशे ओळी. सुताच्या एका मोठ्या बिलाचे क्रेडिट राहून गेले तर त्या तागाचा नफा गेला असे समजा.

एक साधा हिशोब मांडतो. एक्सेलमध्ये नेहमीची एक ओळ वीस ठिपक्यांची असते. लहान पडद्यावर अक्षर वाचता यावे म्हणून विंडोज ते दीडपट करून दाखवते, म्हणजे ओळ तीस ठिपक्यांची झाली. १९२० बाय १०८० च्या पडद्यात अशा छत्तीस ओळी मावतात आणि १९२० बाय १२०० मध्ये चाळीस. त्यातून वरच्या बटणांच्या पट्ट्या आणि खालची पट्टी यांनी दोन्हीकडे सारख्याच, समजा बारा ओळी खाल्ल्या. उरल्या चोवीस आणि अठ्ठावीस. म्हणजे तीनशे बिलांना पहिल्या पडद्यावर तेरा पाने उलटावी लागतात, दुसऱ्यावर अकरा. फरक दोन पानांचा, फार नाही, असे कोणी म्हणेल. आमच्या मेहताजींना विचारा. त्यांचे वय आता साठीच्या पुढे गेले आहे. पान सरकले की मघाची रक्कम डोक्यात धरून खाली शोधावी लागते आणि चूक होते ती नेमकी त्या सरकण्याच्या क्षणी. ते मला म्हणाले, "शेठ, चूक आकड्यात नसते, आकडा नजरेआड होतो तिथे असते." जन्मभर वह्या लिहिलेल्या माणसाचे हे बोलणे आहे, कंपनीच्या जाहिरातीपेक्षा मी त्याला जास्त किंमत देतो.

बिलाचा कागद घ्या. आपली बिले, बँकेची पत्रे, वकिलाच्या नोटिसा सगळ्या ए-४ कागदावर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. चौदा इंची १६:९ पडद्याची एकूण उंचीच १७४ मिलिमीटर आहे. त्यात बिल खऱ्या आकारात उघडले तर वर पार्टीचे नाव दिसते तेव्हा खालची बेरीज दिसत नाही, आणि बेरीज दिसते तेव्हा नाव गेलेले असते. आणखी एक गंमत: दोन ए-४ कागद शेजारी ठेवले की होणारी चौकट रुंदीला उंचीच्या १.४१ पट असते. ४:३ म्हणजे १.३३ आणि ३:२ म्हणजे दीड. कागदाचे माप या दोहोंच्या मधोमध बसते. १६:९ म्हणजे १.७८, ते फार लांब गेले.

आमचा पुतण्या या सगळ्यावर हसतो. तो म्हणतो, "चाचा, तुम्ही एकच खिडकी उघडून बसता. आम्ही दोन उघडतो." त्याच्या बोलण्यात अर्थ आहे. एका बाजूला टॅली आणि दुसऱ्या बाजूला २-बी ची यादी ठेवायची तर रुंदी हवीच. शिवाय ग्रे कापडाचे आमचे रजिस्टर पाहिले तर तारीख, पार्टी, चालान नंबर, क्वालिटी, रीड-पिक, पन्हा, तागे, मीटर, भाव, रक्कम, दलाल, ट्रान्सपोर्ट असे डझनभर रकाने होतात. ते आडवेच वाचावे लागते. डिझाइनचे काम करणाऱ्या मुलांनाही रुंद पडदा सोयीचा. आणि रुंद यंत्रातच उजवीकडे आकड्यांची वेगळी चौकट मावते, जिच्याशिवाय कोणताही मेहताजी काम करायला राजी होत नाही. हे सर्व मान्य. पण रुंदीची टंचाई भागवता येते: रकाने अरुंद करा, नको ते लपवा, अक्षर थोडे लहान करा. उंचीची टंचाई भागवायला वाव नाही. पूर्वी खालची पट्टी उचलून पडद्याच्या बाजूला उभी लावता येत असे, तेवढीच एक-दोन ओळींची सुटका. २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा तीही सोय काढून टाकलेली होती.

आमच्या लिपीचा मुद्दा तर इंग्रजीत विचार करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. उर्दूची नस्तालिक तिरकी उतरत जाते, तिच्या एका ओळीला इंग्रजी ओळीपेक्षा बरीच जास्त उंची लागते. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार, तिलाही ओळीत मोकळीक हवी. इनपेजमध्ये लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, जमातीची पत्रके जुळवणाऱ्या मुलाला विचारा की, लांबट पडद्यावर एका वेळी किती ओळी दिसतात. पान उभे, लिपी उंच आणि खिडकी आडवी, अशी त्याची अवस्था असते.

आनंदाची गोष्ट ही की, बाजाराने अलीकडे वळण घेतले आहे. ॲपलने आपल्या मॅकबुक प्रोमध्ये १६:१० सोडलाच नव्हता. गुगलने २०१३ मध्ये क्रोमबुक पिक्सेल ३:२ आकारात काढले, मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सरफेस प्रो ३ त्याच आकारात आणले. २०२० मध्ये डेलचे एक्सपीएस १३ हे १६:१० वर आले, २०२१ मध्ये थिंकपॅड एक्स-१ कार्बन आणि २०२२ मध्ये थिंकपॅड टी-१४ व एचपीचे एलिटबुक ८४० आले. यात एक मजेची नोंद: २०१७ मध्ये थिंकपॅडच्या पंचवीस वर्षांनिमित्त एक खास लॅपटॉप निघाला. जुन्या शौकिनांसाठी त्यात जुन्या धर्तीचा सात ओळींचा कीबोर्ड परत आणला गेला, पडदा मात्र १६:९ च राहिला. कीबोर्डची आठवण राहिली, पन्ह्याची राहिली नाही.

मग घ्यावे काय? खरा ४:३ आता नव्या लॅपटॉपमध्ये शोधू नये, वेळ जाईल. ज्याला आकड्यांची चौकट हवी आणि यंत्र पेढीवरच राहणार आहे, त्याने १५.६ इंची १६:९ ऐवजी सोळा इंची १६:१० पाहावा. दोघांची रुंदी जवळजवळ सारखीच, साडेतेरा इंचांच्या थोडी वर. पण पहिल्याची उंची ७.६५ इंच आणि दुसऱ्याची ८.४८. म्हणजे टेबलावर तेवढीच जागा आडवी अडवून वर पाऊण इंचाहून जास्त कापड मिळते. सुरत, इचलकरंजी, मालेगाव असा फिरता धंदा असेल तर चौदा इंची १६:१० ठीक, उंची ७.४२. आणि ज्याचे काम मुख्यतः कागद वाचण्याचे, पत्रे लिहिण्याचे आहे, त्याने ३:२ चा साडेतेरा इंची जरूर पाहावा. दिसायला लहान, पण उंची ७.४९ इंच, म्हणजे चौदा इंची १६:९ पेक्षा अर्ध्या इंचाहून जास्तच. फक्त त्यात आकड्यांची चौकट नसते, ती वेगळी विकत घेऊन तारेने जोडावी लागते. शिवाय अशा यंत्राची माल ठेवायची बाजू जास्त खोल असते, जुन्या बॅगेत बसते की नाही ते आधी पाहावे.

दुकानात गेल्यावर दोन आकडे विचारा आणि दुसरा आकडा नीट ऐका. १९२० बाय १०८० म्हणजे १६:९, १९२० बाय १२०० म्हणजे १६:१०. खोक्यावर 'फुल एचडी' लिहिले असेल तर सहसा पहिला, 'डब्ल्यूयूएक्सजीए' लिहिले असेल तर दुसरा. "दोन्ही सारखेच, भाई" असे सांगणारा दुकानदार भेटेल. गेल्या हंगामात आमच्या गल्लीतल्या एका व्यापाऱ्याला असेच सांगून तीन नग १६:९ चे दिले गेले, तेही भावात काही सूट न देता. खिशातून कापडाची टेप काढून उंची मोजली तर कोणी नाही म्हणत नाही. भाव ठरवताना हेही ध्यानात ठेवा की, लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि धंद्याच्या नावाने पक्के बिल घेतले तर नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असलेल्याला त्याचे क्रेडिट मिळते. कच्च्या बिलात दोन हजार वाचवून त्याहून जास्त घालवणारे आपल्यात कमी नाहीत.

जुना माल घेणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण आपल्यातले पुष्कळ छोटे कारखानदार मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉपच घेतात. त्यात वाईट काही नाही, ऑफिससाठी बनवलेले यंत्र घरगुती यंत्रापेक्षा मजबूत असते. पण २०२१ च्या आधीचा माल घेतला तर तो बहुतेक १६:९ चाच निघेल, आणि १३६६ बाय ७६८ चा असेल तर फुकट दिला तरी हिशोबाच्या कामाला घेऊ नये. २०२२ नंतरची यंत्रे आता मोठ्या ऑफिसांतून बाहेर पडू लागण्याचा काळ आहे. त्यांत १६:१० सापडेल, थोडे थांबायची तयारी हवी.

आणि ज्याच्याकडे १६:९ चा धडधाकट लॅपटॉप आहे व तो विंडोज ११ चालवतो, त्याने नवीन घेण्याची घाई करू नये. चोवीस इंचाचा साधा मॉनिटर आणून गादीशेजारी लावावा. तोही १६:९ चाच, पण त्याची उंची २९९ मिलिमीटर, म्हणजे ए-४ चा कागद खऱ्या मापात जवळजवळ पूर्ण उभा राहतो आणि शेजारी टॅलीही मावते. पुतण्याची दोन खिडक्यांची हौस आणि मेहताजींच्या उभ्या ओळी, दोन्ही तिथे भागतात. आमच्या पेढीवर सध्या तसाच एक लावला आहे. गोदामासाठी आणि फिरतीसाठी दोन लॅपटॉप घ्यायचे आहेत. ते १६:१० चेच घ्यायचे असे ठरले आहे, फक्त पुतण्याला चौदा इंची हवा आहे आणि मेहताजींना सोळा.